मागे तिघं मावतील अशी गाडी

शुक्रवारच्या गाडीबाजारात अरीजला सगळे ओळखायला लागले होते ते तिच्या सामानामुळे. बाकीचे लोक गाडी बघायला येतात ते खिशात हात घालून, चेहऱ्यावर ‘आम्हाला काही घाई नाही’ असा भाव ठेवून. ही यायची तीन बेबी सीट घेऊन. एक तिच्या खांद्याला लटकलेली, एक सासऱ्यांच्या हातात आणि तिसरी त्यांच्या जुन्या गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली. एखादी गाडी आवडली की ती मागचं दार उघडायची, तिन्ही सीट शेजारी शेजारी ठेवायची, पट्टे ओढून बघायची आणि मग दार लावायची. बहुतेक वेळा दार लागायचंच नाही.

“ताई, गाडी घेताय की बालवाडी काढताय?” एका दलालाने विचारलं.

“बालवाडी घरी आहेच,” अरीज पट्टा सोडवत म्हणाली. “ती न्यायला गाडी हवीय.”

अम्मानमध्ये, तबरबूरच्या चढावर, ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सगळे तिला धाकट्या मुलाच्या नावावरून उम्म यमान, म्हणजे यमानची आई, म्हणतात. अरीज म्हणणारे आम्ही थोडेच. चार वर्षांच्या जुळ्या मुली, जूद आणि तालिया, आणि दीड वर्षाचा यमान. नवरा तैसीर अकबाच्या बंदरावर क्रेन चालवतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. घरात सासरे, तैसीरचे वडील म्हणून अबू तैसीर. इकडे सून सासऱ्यांना काकाच म्हणते, आणि ते तिच्याशी वागतातही काकांसारखेच, म्हणजे रोज भांडून.

अरीजने भौतिकशास्त्राची पदवी घेतली तेव्हाच सरकारी शिक्षकांच्या रांगेत नाव घातलं होतं. त्यानंतर तिचं लग्न झालं, मुली झाल्या, मुलगा झाला. नंबर काही येत नव्हता. मधल्या काळात ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर इमारतीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. भेंडी निवडता निवडता तरफेचे नियम सांगायची, आणि मुलं परीक्षेत उदाहरण म्हणून भेंडीच लिहून यायची. आठेक वर्षांनी, या ऑगस्टमध्ये, तिची नेमणूक आली. शाळा मादबाच्याही पलीकडे, गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात. रुजू झाली नाहीस तर नाव रांगेतून गेलं, पुन्हा येईल याची खात्री नाही.

तिने सगळं मनाशी जुळवलं होतं. तिची आई मादबाला राहते. सकाळी तिन्ही मुलांना गाडीत घालायचं, वाटेत आईकडे उतरवायचं, पुढे शाळा गाठायची आणि दुपारी त्याच वाटेने परत. अडचण एकच होती, गाडीची. घरची जुनी गाडी पेट्रोल असं प्यायची की महिन्याचा पगार पंपावरच ठेवून यावं लागलं असतं. आणि तिच्या मागच्या सीटवर दोनच्या वर बेबी सीट बसत नव्हत्या.

या सीटांचं वेड तिला वसंतात लागलं. नाऊरच्या उतारावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तैसीरनेही मारला, आणि अरीजच्या मांडीवरचा यमान निसटून गिअरवर जाऊन आपटला. कपाळावर नुसतं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी तो हसत खेळत होता. अरीज मात्र आठवडाभर नीट झोपली नाही. कुवेतहून परतलेल्या बहिणीकडून तिने तीन सीट मागून आणल्या आणि जाहीर केलं की यापुढे पोरं मांडीवर बसणार नाहीत.

“माझी पाच पोरं त्यांच्या आईच्या मांडीवर मोठी झाली,” अबू तैसीर म्हणाले.

“काका, तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या?”

“दोन. त्यातली एक मी चालवायचो, म्हणजे धोका नव्हताच असं नाही.”

तर आता गाडी हवी होती ती कमी पिणारी, हायब्रिड, आणि मागे तिघं शेजारी शेजारी मावतील अशी. आमच्याकडे गाडी विकत घेताना लोक तीन गोष्टी विचारतात. एका डब्यात, म्हणजे वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्यात, किती जाते? रंग पांढरा की चंदेरी, म्हणजे पुन्हा विकताना भाव पडायला नको. आणि चेसिसचे चारही कोपरे तपासणीत ‘चांगले’ आहेत का? चार चांगले म्हटलं की विकणाऱ्याची मान ताठ होते, जणू मुलगा डॉक्टर झाला. मागची सीट किती रुंद आहे हे कुणाला माहीत नसतं. अरीजने विचारलं की ते सीटकडे असे बघायचे, जणू ती आत्ताच गाडीत उगवली आहे.

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला आणि अजलूनच्या बाजूची एक जाहिरात तिच्या फोनवर आली. लांब पाठीची हायब्रिड, चंदेरी, चार चांगले. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. यमानला धरायला कुणीतरी हवं म्हणून मलाही घेतलं. माणसांनीच गाडी भरली, म्हणून बेबी सीट टपावर आणि यमान माझ्या मांडीवर, असा सगळा उलटा प्रकार होता. अरीज आरशातून दर दोन मिनिटांनी मला सांगत होती, “घट्ट धर हं.”

गाव डोंगराच्या कुशीत होतं. अंगणात अंजिराचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत गाडी धुऊन उभी केलेली. मालक गालेब पस्तिशीचा, शांत माणूस. तोही पोराबाळांचा होता, मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा अजून होता. अरीज काही न बोलता कामाला लागली. पहिली सीट बसली. दुसरी बसली. तिसरी मधोमध, थोडी तिरकी करून, गुडघा टेकवून दाबली तेव्हा खट्कन आवाज आला. तिने दार लावलं. लागलं. पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

“काय करतेय ती?” गालेबने अबू तैसीरना विचारलं.

“दाराच्या प्रेमात पडलीय. पडू दे.”

मुलींना तिने आत बसवून बघितलं. दोघी पाय हलवत मधल्या रिकाम्या सीटकडे बघत बसल्या. अरीजने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला ती डिकी उघडून वाकली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो अबू तैसीरनी. त्यांना एक सवय आहे. कुठेही गेले की पाच मिनिटांत ते समोरच्याशी नातं शोधून काढतात. लिफ्टमध्ये शोधतात, दवाखान्यात शोधतात. इथेही त्यांनी विचारलं, “तुझी आजी कुठली म्हणालास?” आणि गालेबची आजी निघाली त्यांच्या आईच्या गावची. नुसत्या गावची नाही, त्यांच्याच आळीतली. मग काय विचारता! दोघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. गालेबची म्हातारी आई, हज्जा फिद्दा, काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, “जेवल्याशिवाय या घरातून कुणी गेलं तर मी ही काठी मोडेन.” कुणाच्या पाठीवर ते तिने सांगितलं नाही.

जेवायला मकमूरा होता. पोळीसारख्या थरांमध्ये कोंबडी आणि कांदा, वरून ऑलिव्हचं भरपूर तेल. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेरच्या. दार अर्धं उघडं होतं. दुसऱ्यांदा वाढून घेताना आम्हाला अबू तैसीरांचा आवाज ऐकू आला, पोट भरल्यावर येतो तसा.

“तपासणी? कसली तपासणी, बाळा? तुझा शब्द हीच माझी तपासणी. हा घे हात.”

आणि हातावर हात पडल्याचा आवाज आला, म्हणजे सौदा पक्का.

अरीजच्या हातातला घास तसाच राहिला. ती उठली, हात धुवायचं निमित्त करून अंगणात गेली आणि खिडकीतून सासऱ्यांना खुणेने बाहेर बोलावलं. मी यमानला घेऊन अंजिराखाली उभी होते.

“काका, गाडी तपासायची आहे.”

“हळू बोल! वेडी झालीस का?” अबू तैसीरनी मागे वळून पाहिलं. “त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय. आता म्हणू, चल बाबा, तुझ्यावर भरवसा नाही, गाडी लिफ्टवर चढव? माझ्या आईच्या आळीतली माणसं आहेत ती.”

“मला ती गाडी हवीच आहे, काका. तुमच्याहून जास्त हवीय. पण पोरं मागे बसणार आहेत. मागून कुणी ठोकली असेल तर?”

“चार चांगले म्हणालाय ना तो!”

“त्याने तपासली होती?”

“हे विचारायला मला जीभ आहे का आता? जेवण्याआधी विचारायचं होतंस.”

“जेवण्याआधी मी सीट बसवत होते,” ती म्हणाली. “विचारायचं काम तुमच्याकडे होतं. तुम्ही आज्या शोधत बसलात.”

अबू तैसीर पाठ फिरवून आत गेले. अरीज थोडा वेळ गाडीकडे बघत उभी राहिली. धुतलेल्या काचेत अंजिराची पानं हलत होती. ही गाडी सोडली तर रुजू होण्याआधी हाताशी फक्त एक शुक्रवार उरत होता.

आतल्या खोलीत कॉफी आली. हज्जा फिद्दा स्वतः ओतत होती, वेलचीची कडू कॉफी, बिनकानाच्या छोट्या कपांत. पहिला कप तिने अरीजला दिला. अरीजने तो घेतला, ओठांशी नेला नाही, आणि समोर जमिनीवर ठेवून दिला. हात मांडीवर घेतले.

खोलीतल्या बायका कपाकडे बघायला लागल्या. हे पुरुषांचं काम. मुलीला मागणी घालायला आलेले, नाहीतर दोन घरांतला तंटा मिटवायला आलेले, कप असा समोर ठेवतात. घरच्यांनी मागणं मान्य केल्याशिवाय पीत नाहीत. आणि कप न पिता पाहुणा उठला तर ते त्या घराला लागतं. बायकांच्या खोलीत असा कप ठेवलेला मी तरी पाहिला नव्हता.

हज्जाने किटली खाली ठेवली. कपाकडे पाहिलं, अरीजकडे पाहिलं. तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या हलल्या.

“पोरी, मागणं घालायला आली असशील तर उशीर झाला. माझ्या गालेबचं लग्न झालंय. ती बघ, बायको तुझ्या शेजारीच बसलीय.”

सगळ्या हसल्या. गालेबची बायको म्हणाली, “न्यायचा तर न्या, पण परत आणून देऊ नका.”

अरीजही हसली, पण कपाला हात लावला नाही. “हज्जा, तुमच्या घरचं जेवलेय, तुमच्यावर संशय घेतला तर माझ्या पोटात ते राहणार नाही. पण त्या सीटवर माझी तीन पोरं बसणार आहेत. रोज, जाऊन येऊन. गाडी एकदा तपासून घेऊ द्या. काकांनी हात दिलाय, ते विचारणार नाहीत. म्हणून मी तुमच्याकडे मागतेय.”

बाहेरच्या खोलीतला आवाज थांबला होता. अर्धं उघडं दार दोन्ही बाजूंनी ऐकतं.

“आम्ही गाढव विकत घ्यायचो तेव्हा दात बघायचो,” हज्जा म्हणाली. “सख्ख्या भावाचं असलं तरी बघायचो. गाढव काही रुसायचं नाही.” मग कपाकडे बोट केलं. “पी. थंड होतेय.”

अरीजने कॉफी प्यायली. हज्जाने काठी जमिनीवर आपटली. “गालेब! किल्ली घे!”

तपासणीचं दुकान खाली तालुक्याच्या गावात होतं. अबू तैसीर गालेबच्या शेजारी बसले आणि पूर्ण वाटेत त्याची माफी मागत राहिले असणार. आम्ही मागून जुन्या गाडीत येत होतो. उतरल्यावर त्यांनी सुनेकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडी लिफ्टवर चढली. तपासनीस दिवा घेऊन खाली शिरला. पुढचा उजवा, चांगला. पुढचा डावा, चांगला. मागचा उजवा, चांगला. मग तो थांबला. बोटाने रंग खरवडला, दिवा जवळ नेला.

“मागचा डावा ठोकलेला आहे. कापून वेल्डिंग केलंय, वरून रंग मारलाय. काम जुनं आहे.”

“नीट बघ,” गालेब म्हणाला.

“तुम्हीच बघा ना.”

गालेब खाली वाकला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या बोटाला काळं लागलं होतं आणि ते तो दुसऱ्या हाताने पुसत होता, पुसलं जात नव्हतं.

“मी तपासली नव्हती,” तो कुणाकडेही न बघता म्हणाला. “मेहुण्याच्या मित्राकडून घेतली. त्याच्या घरी जेवलो होतो. तो म्हणाला चार चांगले. विचारायची लाज वाटली.” मग म्हणाला, “दोन वर्षं झाली. माझा राकान त्याच बाजूला बसतो.”

अबू तैसीर पुढे झाले. “बाळा, मी हात दिलाय. दिलेला हात मी मागे घेत नाही. गाडी आम्ही नेतो.”

मी अरीजकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं होतं, पण त्याआधी गालेब बोलला.

“नाही काका. मी नाही देणार. तुमचा हात तुम्हाला परत.” आणि त्याने खरंच, लहान मुलाला काही द्यावं तसा, अबू तैसीरांचा हात स्वतःच्या हातात घेऊन त्यांच्या छातीशी नेऊन ठेवला. मग अरीजकडे वळला. “ताई, तुमच्यामुळे कळलं. नाहीतर मी पोरांना घेऊन याच गाडीतून हिंडत राहिलो असतो.”

परत येताना सीट पुन्हा टपावर गेल्या. जरशपर्यंत अबू तैसीर गप्प होते. त्यांचं गप्प बसणं इतकं नवीन होतं की मुलीही भांडल्या नाहीत. जरशच्या पुढे कलिंगडवाल्यांच्या तंबूंपाशी ते एकदम म्हणाले, “शुक्रवारी पहाटेच निघायचं.”

“कुठे?” अरीजने विचारलं.

“बाजारात. आणि कुणाकडे काही खायचं नाही. पाणीसुद्धा घरून न्यायचं.”

तो शुक्रवार बाजाराने बरेच दिवस लक्षात ठेवला. अबू तैसीर पाण्याची बाटली आणि काकड्यांची पिशवी घेऊन फिरत होते. कुणी चहा पुढे केला की छातीवर हात ठेवून मान हलवायचे. एक विकणारा आपुलकीने म्हणाला, “काका, तुम्ही कुठले?”

“कुठलाच नाही.”

“म्हणजे? मूळ गाव?”

“नाही आठवत. गाडी दाखव.”

अरीज हसू दाबायला बेबी सीटमागे तोंड लपवत होती. उन्हं चढेपर्यंत चार गाड्या बघून झाल्या. एकीत तिसरी सीट बसत नव्हती, एकीची बॅटरी गेलेली होती, उरलेल्या दोन्हींच्या मालकांनी तपासणीचं नाव काढताच सूर बदलला. अबू तैसीर दोन्ही वेळा सुनेच्या आधी वळून चालू लागले.

पाचवी गाडी बाजाराच्या टोकाला एकटी उभी होती. पिस्त्याच्या हिरव्या रंगाची. खरं तर पिस्त्याहून थोडी जास्तच हिरवी. विकणारी एक औषधांच्या दुकानातली बाई होती, परदेशी निघालेली, आणि सकाळपासून लोक तिला फक्त रंगाबद्दल सांगून जात होते.

“हा रंग परत कोण विकत घेणार?” अबू तैसीर सवयीने म्हणाले.

“परत कोण विकतंय?” अरीज म्हणाली. ती आधीच आत शिरली होती. पहिली सीट, दुसरी सीट. तिसरी काही केल्या बसेना. तिने कडेची सीट मधे घेतली, मधली कडेला नेली, यमानची उलट्या तोंडाने लावून पाहिली. घामाने तिचा रुमाल चिकटला होता. बाई म्हणाली, “राहू द्या हो, नाही बसणार.” तेव्हा अबू तैसीर दुसऱ्या दाराने आत घुसले, वाकले, आणि सत्तरीचा माणूस पूर्ण भार टाकून त्या सीटवर गुडघा रोवून बसला. खट्ट झालं.

“लाव दार!” ते आतून ओरडले. “पटकन! मी आत असतानाच लाव!”

दार लागलं. ते आत, सीटांच्या मधे अडकलेले, आणि बाहेर अरीज काचेला टेकून हसत होती, अगदी पोट धरून.

तपासणीत चारही कोपरे चांगले निघाले. बॅटरी मात्र थकत चाललेली, अजून एक-दोन वर्षं काढेल असं तपासनीस म्हणाला. डिकीत बाबागाडी मावत नाही, घडी करूनही नाही. तैसीरला फोनवर रंग सांगितला तेव्हा तो म्हणाला, “इथून बंदरातूनही ओळखू येईल.” त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत मिठाई वाटली गेली. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी रंगाबद्दल काहीतरी बोललंच, आणि अबू तैसीरनी प्रत्येकाला हात धरून खाली नेलं आणि मागचं दार उघडून दाखवलं.

रविवारी, म्हणजे इकडे आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी ती निघाली तेव्हा मी गॅलरीत होते. पुढचं सगळं तिनेच नंतर सांगितलं. वाटेत मुली कुणाची खिडकी मोठी यावर भांडल्या. यमान खांद्यावर मान टाकून झोपला. मादबाला आईने मुलांना उतरवायला घेतलं तर पट्टे कसे सुटतात ते तिला कळेना, आणि तालिया म्हणाली मी इथेच बसणार, आजी, तूच आत ये. शेवटी मुलं आत गेली आणि अरीज एकटी पुढे निघाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची पिवळी धसकटं, मधे बारीक रस्ता, वर मोकळं आभाळ. आरशात तीन रिकाम्या सीट दिसत होत्या. दुपारी त्या पुन्हा भरायच्या आहेत, असं तिच्या मनात आलं, आणि तिला खूप बरं वाटलं.

शाळेच्या फाटकापाशी मुलींनी गाडीला घेरलं. त्या गावात अम्मानहून येणाऱ्या बाई टिकत नसत. लांब पडतं म्हणून वर्षाच्या मधेच बदली घेऊन जात. मागच्या वर्षी भौतिकशास्त्राचं पुस्तक अर्ध्यावरच राहिलं होतं.

एका मुलीने बॉनेटवर हात ठेवला, मग दचकून काढून घेतला. “मिस, तुम्ही एवढ्या लांबून आलात? यातून?”

“हो.”

“उद्यापण येणार?”

अरीजने दार लावलं, पिशवी खांद्याला घेतली. “उद्यापण,” ती म्हणाली. “चला, वर्ग कुठे आहे तुमचा?”